चार आठवड्यांची ताई

पत्र: ताई, मी २४ वर्षांची आहे, नोकरीला दोन वर्षं झाली. माझी एक जवळची मैत्रीण मागच्या वर्षी कंबोडियात सिएम रीपजवळ एका बालगृहात चार आठवडे व्हॉलंटियर म्हणून राहून आली, ती म्हणते आयुष्यातला बेस्ट महिना होता. तिचे व्हिडिओ बघून मीही त्याच एजन्सीकडे नाव नोंदवलं, डिपॉझिट भरलं, ऑफिसातून बिनपगारी सुट्टी मंजूर करून घेतली, मित्रमैत्रिणींनी खेळणी आणि पुस्तकांसाठी पैसेही जमवून दिले. सकाळी इंग्रजी शिकवायचं, दुपारी मुलांशी खेळायचं, शनिवार-रविवार अंकोर वाट वगैरे फिरायचं असा कार्यक्रम आहे. आता ऑफिसातली एक सीनियर म्हणते की अशाने मुलांचं नुकसानच होतं आणि तिथली बरीच मुलं अनाथ नसतातच. मला जाम राग आला. बाबांचा पहिल्यापासून विरोध आहे पण त्यांचं कारण वेगळं, एकटी मुलगी परदेशात वगैरे. मी काही मजा मारायला चालले नाहीये, चार आठवडे का होईना त्या मुलांना प्रेम द्यायला चाललेय, यात चूक काय? जाऊ की नको ते स्पष्ट सांगा.
— बॅग भरून बसलेली

उत्तर:

स्पष्ट विचारलंस म्हणून स्पष्टच सांगते, नको जाऊस. म्हणजे कंबोडियाला खुशाल जा, अंकोर वाट डोळे भरून बघ, पण त्या बालगृहात नको. आणि हे वाचून तुला सीनियरचा आला तसा माझाही राग येणार आहे हे मला माहितेय, तरी पूर्ण वाच आणि मग काय ते ठरव.

पहिली गोष्ट म्हणजे तुझी सीनियर बरोबर बोलतेय. कंबोडियातली अनाथ मुलं म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच ख्मेर रूज या तिथल्या क्रूर राजवटीचा काळ येतो, नरसंहार, उपासमार, आईबाप गमावलेली लेकरं. पण ती राजवट होती १९७५ ते १९७९. तेव्हा जी लेकरं पोरकी झाली ती आज पंचेचाळिशीच्या पुढे आहेत, त्यांची स्वतःची मुलं कमावती झाली असतील. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात युद्ध नव्हतं, गरिबी उलट कमी होत चालली होती. मग वाढत काय होतं? तर पर्यटक, वर्षाला साधारण १४ लाखांवरून २५ लाखांवर गेले. पुढे २०१५ मध्ये तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने मोजदाद केली तेव्हा ४०६ संस्था आणि साडेसोळा हजारांच्या आसपास मुलं निघाली. आणि अशा संस्थांमधल्या चारातल्या तीन मुलांचे आई किंवा बाप, निदान एक जण तरी हयात असतो. तू ज्यांना प्रेम द्यायला निघालीयेस ना, त्यातल्या बहुतेकांवर प्रेम करणारं माणूस कुठल्यातरी खेड्यात बसलेलंय, आणि त्याला वाटतंय की आपलं पोर शहरात शिकतंय.

आता हे आईबाप काय दुष्ट असतात का, तर अजिबात नाही. गावात कोणीतरी येतं, बऱ्याचदा ओळखीतलंच असतं, म्हणतं पोराला इंग्रजी शाळा मिळेल, तीन वेळा जेवण मिळेल, परदेशी लोक येतात खूप मदत करतात, तुझ्याकडे राहून त्याचं काय होणार. कर्जात बुडालेल्या किंवा एकट्या पडलेल्या बाईला हे ऐकून काय वाटेल विचार कर. ती पोराच्या भल्यासाठीच पाठवते. आणि संस्थेचा खर्च चालतो देणग्यांवर आणि तुझ्यासारख्यांच्या फीवर, ती फी येते कारण तिथे दाखवायला मुलं आहेत. इथेच सगळं घोडं पेंड खातं, कारण मूल घरी परत गेलं की पलंग रिकामा, आणि रिकाम्या पलंगाचे फोटो बघून कोणी डिपॉझिट भरत नाही, मग मुलांना घरी पाठवायची घाई कोणाला असणार? सगळे चालक जाणूनबुजून असं करतात असं माझं म्हणणं नाही, काही अगदी देवमाणसं असतात, पण पैसा ज्या दिशेने येतो त्या दिशेला संस्था आपोआप कलते.

नेपाळमध्ये तर याचं फारच वाईट रूप दिसलं. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतले आईबाप मुलांना बंडखोर उचलून नेतील या भीतीने दलालांच्या हवाली करायचे, वर त्यांनाच पैसे द्यायचे, सुरक्षित ठेव म्हणून. ती मुलं काठमांडूत आणून अनाथ म्हणून खोटे कागद करून ठेवली गेली, आणि नंतर काही संस्था त्यांचे आईबाप शोधायला निघाल्या तर ते सापडले, जिवंत. संघर्ष संपला तरी नेपाळातली बहुतेक बालगृहं कुठे आहेत तर काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. सगळ्यात गरीब जिल्ह्यांत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात हा अनाथालयांचा धंदा घेतलाय, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालय पर्यटनाने मुलांचं होणारं नुकसान मांडलंय. सांगायचा मुद्दा एवढाच की हे तुझ्या सीनियरच्या डोक्यातलं खूळ नाहीये.

बरं, समजा तुझं बालगृह एकदम सच्चं आहे. हिशोब चोख, चालक प्रामाणिक, मुलांना खरंच कोणी नाही. अशाही जागा असतात. तरीही माझं उत्तर तेच राहील, कारण खरी अडचण त्या चार आठवड्यांतच आहे.

तुझ्या मैत्रिणीचे व्हिडिओ मी पाहिलेले नाहीत पण त्यात काय असणार हे सांगू शकते. गाडी फाटकातून आत येते, ती उतरते न उतरते तोच चार-पाच पोरं धावत येऊन बिलगतात, एक हात धरते, एक पाठीवर चढते, आणि एक तीन-चार वर्षांची मुलगी मांडीवर येऊन बसते ती उठायलाच तयार नाही. नाव पण माहीत नाही अजून एकमेकींचं. आपण बघतो आणि विरघळतो, बिचारी प्रेमाची किती भुकेली आहेत. पण तुझ्या नात्यातलं तीन वर्षांचं कुठलंही पोर आठव, घरात अनोळखी माणूस आलं की ते काय करतं? आईच्या पायामागे जातं, तिच्या कपड्याचं टोक घट्ट धरतं, तिथून एक डोळा बाहेर काढून बघतं, दहा मिनिटांनी खात्री पटली की मग हळूच जवळ येतं. ते लपणं म्हणजे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे, त्याला माहितेय आपलं माणूस कोण आणि परकं कोण. ज्या पोराला मागे लपायला आपल्या माणसाचे पायच नाहीत ते येईल त्याला बिलगतं. संस्थेत वाढलेल्या मुलांमधलं हे वागणं अभ्यासकांनी कितीतरी वर्षांपासून नोंदवलेलंय, आणि तोच क्षण आपण व्हिडिओच्या पहिल्या पाच सेकंदांत टाकतो, मागे गाणं लावून.

रोमानियात, बुखारेस्टला, २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. अनाथालयातली १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी निवडून दत्तक नाही पण पालक-कुटुंबांकडे सांभाळायला दिली आणि बाकीच्यांचं जे चालू होतं ते चालू राहिलं, मग वर्षानुवर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे गेली, माणसांशी नातं जोडण्यातही पुढे गेली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं सगळ्यात चांगलं झालं. तिथे फरक कोणी केला, तर रोज सकाळी उठल्यावर तोच चेहरा दिसण्याने. खेळणी आणि कार्यक्रम दोन्हीकडे असू शकतात, तोच चेहरा एकीकडेच असतो.

आता जरा हिशोब कर. चार आठवड्यांची एक तुकडी, म्हणजे वर्षाला तेरा तुकड्या. एका तुकडीत तिघं-चौघं धरलीस तर वर्षाला चाळीस-पन्नास जण. पाच वर्षांचं मूल पंधराचं होईपर्यंत त्याला चारशे-पाचशे ताया आणि दादा मिळतात, सगळे हसरे, सगळे सेल्फी काढणारे, सगळे शेवटच्या दिवशी रडणारे आणि पुन्हा येईन म्हणणारे. चारशे निरोप! आपल्याला एक ब्रेकअप झालं तर सहा महिने धड झोप लागत नाही. मूल तेवढं रडत नाही कारण ते शिकतं, की यांच्यात जीव अडकवायचा नाही, फक्त पहिल्या दिवशी छान बिलगायचं म्हणजे चॉकलेट मिळतं. आणि हे एकदा शिकलेलं मोठेपणी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

आणि त्या पगारी बाईचा विचार केलायस का? प्रत्येक बालगृहात एक-दोन अशा बायका असतात ज्या रोज तिथे असतात. ती पहाटे उठून ओल्या गाद्या उन्हात टाकते, ओरडणाऱ्या पोराला पकडून नखं कापते, केसांतल्या उवा काढते, भांडणं सोडवते, अभ्यास कर म्हणून दटावते. आणि मग नऊ वाजता तू येतेस स्टिकर आणि फुगे घेऊन. मुलांच्या लेखी तू मज्जा, ती कटकट. तू सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणून तुला हसू येतं, तिला मात्र तुझी तुकडी गेल्यावर पुढची नवी येईपर्यंत ती बिथरलेली पोरं सांभाळायची असतात. त्या मुलांच्या आयुष्यात टिकून राहणारं एकमेव मोठं माणूस म्हणजे ती, आणि दर महिन्याला आपण जाऊन तिचंच वजन कमी करतो. तुझ्या फीमधून तिचा पगार वाढला असता, तिच्या जोडीला अजून एक बाई कामाला लागली असती तर मुलांना जे मिळालं असतं ते तुझ्या चार आठवड्यांतून नाही मिळणार, तू कितीही गोड असलीस तरी.

इंग्रजी शिकवण्याचं तर मी दोन ओळींत आटपते. नवी तुकडी आली की परत ए बी सी डी, परत रंगांची नावं, परत व्हॉट इज युवर नेम. पोरांना सगळं पाठ असतं, ती शहाणी असतात, नव्याने शिकल्यासारखं करतात. मुलांची ख्मेर भाषा येणारी तिथलीच एखादी शिक्षिका पगारावर ठेवली तर पुस्तक पुढे तरी सरकेल.

अजून एक मुद्दा, जरा कडू आहे. एजन्सीने तुझ्याकडे काय काय मागितलं ते आठव. पासपोर्टची कॉपी, फोटो, पैसे. पोलिसांचा दाखला मागितला का? दोन माणसांचे फोन नंबर घेऊन त्यांना तुझ्याबद्दल विचारलं का, मुलांसोबत एकटं राहायचं नाही असे नियम पाठवले का? नसतील तर तू जेवढ्या सहज आत जाणारेस तेवढ्याच सहज कोणीही जाऊ शकतो, आणि मुलांना त्रास देणाऱ्या माणसांना अशी दारं बरोबर माहीत असतात. तू चांगली आहेस म्हणून ते दार उघडं असणं चांगलं होत नाही. शिवाय व्हिसा, बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, एजन्सीवाले 'काही होत नाही हो' म्हणतात पण पकडली गेलीस तर ते तिथे नसतात.

तुला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, आज रात्री एजन्सीला एक मेल टाक. मागच्या वर्षी किती मुलं आपल्या घरी किंवा नातेवाईकांकडे परत गेली आणि गेल्यावर त्यांची विचारपूस कोण करतं, असं विचार. मुलांचे आईवडील भेटायला येतात का, किती वेळा, हेही विचार. कायम सांभाळणाऱ्या किती जणी आहेत आणि माझ्या फीतला किती हिस्सा त्यांच्या पगाराला जातो? तिथल्या सामाजिक खात्याकडे संस्थेची नोंदणी आणि तपासणी झालीये का, कारण कंबोडियात २०१५ मध्ये या संस्थांसाठी सरकारी नियमावली आलीये आणि त्यानंतर सिएम रीपसकट पाच प्रांतांत तीस टक्के मुलं कुटुंबात परत पाठवायचं उद्दिष्टही ठरवलं होतं, म्हणजे विषय त्यांना नवा नाही. आणि शेवटी सहज म्हणून विचार, माझ्याबरोबर दोन मैत्रिणी एक दिवस मुलांना भेटायला आल्या तर चालेल का. 'हो हो, नक्की या' असं उत्तर आलं की बाकीची उत्तरं वाचायची तसदी घेऊ नकोस. चांगली संस्था तुला मुलांपासून लांबच ठेवेल, उलट तुलाच दहा प्रश्न विचारेल आणि तुझा थोडा अपमानही करेल, तो अपमान आवडला पाहिजे आपल्याला.

मग बाहेरच्या माणसाने जायचंच नाही का कधी? जायचं, पण मुलांसाठी नाही तर तिथल्या माणसांसाठी. फिजिओथेरपिस्ट असेल, विशेष मुलांची शिक्षिका असेल, समुपदेशक असेल, तर तिने जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवावं, ते तिच्या मागे राहील. तू पत्रात तुझं काम काय ते लिहिलंच नाहीस बघ! अकाउंट्स येत असतील, वेबसाइट बनवता येत असेल, तर कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्थेला ते घरी बसूनही हवं असतं, फक्त त्याचे व्हिडिओ चांगले येत नाहीत. (हे जरा खोचक झालं, पण राहू दे.)

मित्रमंडळींच्या पैशाचं लपवाछपवी न करता सांगून टाक सगळ्यांना, की मला आधी माहीत नव्हतं, आता कळलं, तुमचे पैसे परत हवेत की कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेला देऊ. कंबोडियातच द्यायचे तर फ्रेंड्स इंटरनॅशनल नावाची संस्था आहे, मुलं ही काही पर्यटकांना बघायची स्थळं नाहीत अशी मोहीम त्यांनीच २०११ च्या सुमारास चालवली होती, ते आईबापांना रोजगार आणि मोठ्या मुलांना कामाचं प्रशिक्षण या बाजूने जातात. दुसरी कुठलीही निवडलीस तरी बघायचं एवढंच की पैसा मूल घरात राहावं म्हणून जातोय की घराबाहेर राहावं म्हणून.

डिपॉझिट बहुतेक बुडेल, ते बुडालं म्हणून उरलेली फी भरू नकोस, लोक हटकून हेच करतात. सुट्टी रद्द करता येत असेल तर कर, नाहीतर साधी पर्यटक म्हणून जा, तिथल्या माणसांच्या हॉटेलात राहा, तिथल्या गाईडला नीट पैसे दे, त्यांचीही मुलं शाळेत जातात. आणि मुलांसोबतच काहीतरी करायची हौस असेल, ती दिसतेय तुझ्या पत्रात आणि ती खोटी नाही, तर तू जिथे राहतेस तिथे एका मुलाला आठवड्यातून दोन तास शिकव, दोन वर्षं, पाऊस असो की ऑफिसची पार्टी असो. सहाव्या महिन्यात कंटाळा येईल, तेव्हाही जा.

मैत्रिणीशी भांडू मात्र नकोस. बेस्ट महिना होता म्हणते तर असणारच, तिच्यासाठी होता. तिला हे उत्तर वाचायला दे हवं तर, आणि तिथलं एखादं मूल अजून तिला मेसेज करत असेल तर तिने एकदम गप्प होऊ नये, संस्थेतल्या कर्मचाऱ्यांना सांगून त्यांच्यामार्फत उत्तर द्यावं, फक्त पुन्हा येईन असं लिहू नये. ते व्हिडिओ काढून टाकले तर उत्तम, त्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं.

बाबांना काय सांगायचं हा तुझा खरा प्रॉब्लेम असणार, कारण आता ते 'मी म्हणालोच होतो' करत आठ दिवस घरभर फिरतील. त्यांना सांग की मी जात नाहीये पण तुमच्या कारणासाठी नाही, आणि पुढच्या वर्षी एकटीच फिरायला जाणारे, तेव्हा हा विषय परत निघणार नाही हे आत्ताच कबूल करून घे.

एजन्सीला रद्द करतानाचा मेल लेखी आणि कारणासकट लिही, 'घरगुती अडचण' वगैरे नको, कारण खरं कारण पन्नास जणांनी लिहिलं तर त्यांना ब्रोशर बदलावं लागतं. आणि त्या प्रश्नांची काय उत्तरं येतात ते मला कळव, पगाराच्या प्रश्नाचं तर खासच.

— ताई